घरी बनवलेलं एचएचओ किट, मायलेज १७.५ वरून २०.५. खरं मानू का?

बेदाणेवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज यायचा नाही.

माझा छोटा हत्ती आहे, २०१२ चा, ७०२ सीसी, दोन सिलिंडरचा डिझेल. जुना पंपवाला, कॉम्प्युटर-बिंप्युटर काही नाही. तासगावातून सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या पेट्या टाकतो, सीझन नसला की मिळेल ते भाडं. डिझेल भरून संध्याकाळी खिशात काय उरतं ते विचारू नका. दिवाळीत मेव्हण्यानं एक व्हिडिओ पाठवला: एक लिटर पाण्यातून अठराशे लिटर गॅस काढा, इंजिनला द्या, मायलेज तीस टक्के वाढवा. मी मूळचा आयटीआयचा वायरमन. पाण्यात करंट सोडला की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो (त्या मिश्रणालाच एचएचओ म्हणतात), एवढं तर शाळेत केलेलं. म्हटलं, बघू तर खरं.

पहिला प्रयोग फसला. लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी घेतली, स्टीलच्या १२ पट्ट्या एकाआड एक प्लस-मायनस जोडल्या, पाण्यात खाण्याचा सोडा टाकला. दहा मिनिटांत पाण्याचा रंग चहासारखा. करंट सुरुवातीला १२ अँपिअर होता, वीस मिनिटांनी क्लॅम्प मीटरवर २५. बरणीला हात लावेना इतकी तापली, झाकण वाकडं झालं आणि फ्यूज उडाला म्हणून थांबलं. बरणी मंडळींची होती, त्याबद्दल इथं लिहीत नाही.

दुसऱ्या वेळी नीट बसून केलं. ३१६ एल च्या (सहसा न गंजणारं, चुंबक न चिकटणारं महागडं स्टील) ७ प्लेटा, मध्ये रबरी गॅस्केट, दोन्ही अंगाला ॲक्रिलिकचे जाड तुकडे, नटबोल्टनं आवळलेला ड्राय सेल. प्लस पहिल्या प्लेटला, मायनस सातव्या, मधल्या पाच मोकळ्या. सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश. करंट १० अँपिअरवर धरला. गॅस मोजायला लिटरची बाटली पाण्यानं भरून बादलीत उलटी धरली आणि नळी खाली सोडली: ८५ सेकंदांत बाटलीतलं पाणी खाली. सेलनंतर बबलर (गॅस पाण्यातून काढणारी बाटली), बबलरमधून नळी एअर फिल्टरच्या पुढं इनटेकमध्ये. सेल चालू-बंद करणारा रिले इग्निशनवर.

एक वेडेपणा केला तोही सांगतो. बबलरच्या नळीच्या तोंडाला काडी लावून बघितली. बार काढल्यासारखा आवाज आला, बबलरचं झाकण शेडच्या पत्र्यावर आपटलं. शेजारची म्हातारी बाहेर येऊन विचारते, "टायर फुटला का रं?" म्हटलं, होय आजी.

तर मायलेज. किट लावायच्या आधी तीन टाक्यांचा हिशेब वहीत आहे, सरासरी १७.५. किट लावल्यावर दोन टाक्या झाल्या, २०.५. एकूण खर्च ६,४०० रुपये. आता १० चे २० अँपिअर केले तर आणखी वाढेल का? की माझं मोजण्यातच काही चुकतंय? गाडीला काही धोका?

निवृत्त_प्लेटर_सातपूर

भाऊ, सेल झकास बनवलाय, हे थट्टेनं म्हणत नाही. मी नाशकात इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये तीस वर्षं काढली, माझं सगळं आयुष्य टाकीत करंट सोडण्यात गेलं. सात प्लेटा म्हणजे ओळीत सहा सेल. १० अँपिअरला फॅरेडेच्या नियमानं मिनिटाला साधारण ६८० मिली गॅस निघायला हवा. तुमचा ७०० निघतोय, वरचा थोडा पाण्याच्या वाफेचा. म्हणजे करंट कुठं गळत नाही.

बरणी का तापली तेही सांगतो. एका सेलला दोन-सव्वादोन व्होल्ट पुरतात. तुम्ही प्लस-मायनसच्या जोड्यांवर थेट बॅटरीचे बारा-तेरा घातले. जास्तीच्या व्होल्टेजनं फक्त पाणी उकळलं. पाणी तापलं की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतं. बरं झालं फ्यूज होता.

तो चहाचा रंग म्हणजे प्लेटांचं लोखंड आणि क्रोमियम. त्यात हेक्साव्हॅलंट क्रोम असू शकतं, कॅन्सर करणारं. आमच्याकडे त्या पाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय थेंबही गटारात सोडायची मुभा नव्हती. तुम्ही ते कुठं ओतलंत?

आता मायलेज. अठराशे लिटरचा आकडा खोटा नाही. लिटरभर पाण्यातून तेवढा गॅस निघतोच. पण फुगा मोठा म्हणून त्यात ताकद मोठी असं होत नाही. त्या अठराशे लिटरमधली उष्णता म्हणजे साधारण ३७० मिली डिझेल. आणि एवढा गॅस काढायला तुमच्या सेलला जवळजवळ ७ युनिट वीज लागेल.

तासाचा हिशेब करू. तुमचा सेल तासाला २० मिली पाणी संपवतो. त्यातून निघालेल्या हायड्रोजनची उष्णता साडेसात मिली डिझेलची. खोकल्याच्या औषधाचं टोपण असतं ना, तेवढं. आता खर्च बघा. १३.८ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १३८ वॅट. अल्टरनेटर बेल्टवरून जेवढी ताकद घेतो त्यातली निम्म्याहून थोडी जास्त वीज करून देतो. इंजिन डिझेलमधली पंचवीस ते तीस टक्के ताकदच चाकापर्यंत आणि बेल्टपर्यंत पोचवतं. असं उलटं मागं जात गेलं की तासाला ९० मिली डिझेल येतं. कटिंगचा भरलेला ग्लास. ग्लासभर डिझेल ओतायचं आणि टोपणभर परत घ्यायचं, असा हा धंदा.

४५ च्या स्पीडनं, लिटरला १८ धरून, तुमची गाडी तासाला अडीच लिटर पिते. त्यात ९० मिली म्हणजे साडेतीन टक्के. हिशेबानं किट लावल्यावर मायलेज तीनेक टक्क्यांनी उतरायला हवं. तुमचं १७ टक्क्यांनी चढलंय. म्हणून विचारतो, किट लावताना गाडीत आणखी काय काय बदललं?

कुणीतरी आता म्हणेल की गॅस इंधन म्हणून नसतो, त्यानं डिझेल चांगलं जळतं. तुमचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला ६०० लिटर हवा ओढतं. त्यात हायड्रोजन अर्धा लिटरही नाही. हवेत हायड्रोजन स्वतः पेटायला कमीत कमी ४ टक्के लागतो, तुमचा एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकासुद्धा नाही. आणि धडधाकट डिझेल इंजिन आत आलेल्या डिझेलपैकी ९८ टक्के तरी जाळतंच. जळायचं राहिलंय काय, की ज्यातून तीस टक्के काढायचे?

मी हे तोंडच्या वाफा दवडत नाही. २००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं, तेव्हा मीही हेच केलंय, पेट्रोल गाडीवर. नाशिक-इगतपुरी रोजचा रस्ता, वहीत १६ चे १८ दिसायला लागले. कॉलनीत सगळ्यांना वही दाखवत फिरलो. मग एकदा बॉनेट उघडलं तर सेलच्या वायरच्या टोकाचा लग तुटून लोंबत होता. कधी तुटला? पाणी भरल्याची तारीख आणि पातळी जुळवली तर निदान आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांच्या नोंदीत १८.२ लिहिलेलं. माझ्याच अक्षरात.

२० अँपिअर अजिबात करू नका. आणि रिले आजच्या आज इग्निशनवरून काढा. चावी ऑन आणि इंजिन बंद असेल तेव्हा तुमचा सेल गॅस करतच राहतो, तो इनटेकमध्ये साचतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधीच हव्या त्या प्रमाणात मिसळलेले, ठिणगी तेवढी बाकी. ऑइल प्रेशर स्विचवरून रिले घ्या, म्हणजे इंजिन फिरत असेल तेव्हाच चालेल. कॉस्टिक हाताळताना चष्मा लावता ना? डोळ्यात थेंब गेला तर पंधरा-वीस मिनिटं नुसतं वाहतं पाणी आणि मग तडक दवाखाना.

ग्रीन_पॉवर_भाऊ

कागदावर गणितं करणारे सगळीकडे असतात. आम्ही १६ गाड्यांना बसवलंय, १५ ते २५ टक्के फरक, गिऱ्हाईक खूश. नासानं १९७७ लाच सिद्ध केलंय. तेल कंपन्यांना हे बाहेर येऊ द्यायचं नाही. ज्यांना खरंच डिझेल वाचवायचंय त्यांनी मेसेज करा, इथं वाद घालायला वेळ नाही.

निवृत्त_प्लेटर_सातपूर

नासाचा तो अहवाल मी वाचलाय. मोठं पेट्रोल इंजिन होतं, हायड्रोजन बाटलीतला आणि मिथेनॉलपासून काढलेला. अल्टरनेटरवर पाणी फोडलेलं नव्हतं. पातळ मिश्रण जळतं का, ते बघायचं होतं. इथल्याच गोष्टी बोलायच्या तर २०२० साली दिल्लीत ५० बसगाड्यांवर सीएनजीत हायड्रोजन मिसळून चाचणी सुरू झाली, तिथं गॅसमध्ये मिसळण १८ टक्क्यांचं होतं. तुमच्या किटचा हायड्रोजन इंजिनच्या हवेत ०.०८ टक्केही भरत नाही. पुण्यात एआरएआय ही संस्था १९६६ पासून गाड्या तपासायचंच काम करते. १६ पैकी एका गाडीचा तिथला अहवाल इथं टाका, चाचणीचे पैसे मी भरतो.

तेल कंपन्यांचं म्हणाल तर १९९६ साली अमेरिकेत, ओहायोत, पाण्यावर गाडी चालवतो म्हणणाऱ्या स्टॅन्ली मेयरला कोर्टानं फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत द्यायला लावले. त्याच साली आपल्याकडे तमिळनाडूच्या रामर पिल्लैचं झाडपाल्याचं पेट्रोल गाजत होतं. त्याला २०१६ साली तीन वर्षांची शिक्षा झाली. एवढी वर्षं लागली, हीच काय ती तक्रार.

मिरज_डिझेल_फिटर

आपलं शिक्षण दहावी, फॅरेडे-बिरडे माहीत नाही. पण १७.५ हे छोट्या हत्तीचं मायलेज नव्हेच, धडधाकट गाडी अर्ध्या लोडवर १९-२० सहज देते. आधीच काहीतरी अडकलं होतं. जॅक लावा आणि चाकं हातानं फिरवा, मागचा ब्रेकचा ड्रम घासतोय का बघा. गरम झालेल्या ड्रमला पाणी शिंपडलं की चर्र वाजतं, त्यावरूनच कळतं. किट बसवताना एअर फिल्टर बदलला असणार, पैजेवर सांगतो. आणि टायरमध्ये हवा?

दुसरं म्हणजे गाडीत असला फेरफार आरसीवर नसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उद्या आग लागली आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला तर तो आधी त्या बबलरचा फोटो काढेल.

बेदाणेवाला_तासगाव

फिटरदादा, पैज जिंकलात. इनटेकला भोक पाडायचं म्हणून फिल्टरचा डबा उघडला, आत फिल्टर काळाकुट्ट, तो नवा टाकला. टायरची हवा पण त्याच दिवशी बघितली, मागच्या दोन्हीत कमी होती. हे लिहायला विसरलो असं नाही, त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

प्लेटरकाका, रिले बदलला. ते चहाचं पाणी परसातल्या नारळाच्या बुडात ओतलं होतं. आता झोप लागायची नाही.

पण एक सांगा, फिल्टर आणि हवा तशीच ठेवून आता किट चालू-बंद करून बघितलं तर निकाल लागेल ना? टाकी फुल करून करून कंटाळलोय.

निवृत्त_प्लेटर_सातपूर

नारळाच्या बुडाची वरची हात-दीड हात माती काढून पोत्यात भरून ठेवा, तिथं भाजी लावू नका. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर पाणी तपासून घ्या.

टाकी-टू-टाकीवर भरवसा नको. पंपाचा नॉझल कुठं कट होतो, फेस किती, गाडी कुठल्या बाजूला कललेली, यात अर्धा लिटर इकडंतिकडं होतो. दहा लिटर भरले तर पाच टक्के तिथंच गेले. त्यापेक्षा पाच लिटरचा कॅन हौद्यात बांधा आणि वजन करा. तुमच्याकडे बेदाण्याचा काटा असेलच. एक लक्षात ठेवा: पंपाकडे जाणारी लाइन आणि परतीची लाइन, दोन्ही कॅनमध्ये हव्यात. परतीची टाकीतच राहिली तर कॅनमधलं डिझेल गुपचूप टाकीत जाईल आणि गाडी लिटरला दहा देते असं दिसेल.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, किट चालू आहे की बंद हे तुम्हाला कळता कामा नये. फ्यूज दुसऱ्याच्या हातात द्या.

बेदाणेवाला_तासगाव

मंडळी, महिनाभर गप्प होतो. बारा फेऱ्या झाल्या, आता लिहितो.

पुतण्या बारावी सायन्सला आहे, त्याला फ्यूजचं खातं दिलं. सेलचा फ्यूज हौद्यात एका डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली त्याच्याकडे. डॅशवरच्या अँपिअर मीटरवर काळी टेप. तासगाव-सांगली-तासगाव, पहाटे सहाला निघायचं, जाताना ४० पेट्या, येताना रिकामा. पेट्या कमी-जास्त असतील ती फेरी धरायची नाही. कॅन जाताना आणि आल्यावर काट्यावर. पहिल्याच दिवशी परतीची लाइन उलटी खोचली आणि अंकलखोपला जाणाऱ्या पाहुण्यांसमोर अंगणात डिझेलची रांगोळी झाली, ते सोडा.

पोरानं माझ्यापेक्षा जास्त डोकं चालवलं. रोज सकाळी तो मला सांगायचा, "काका, आज चालू आहे" किंवा "आज बंद." मी म्हटलं, अरे, कळायचं नाही असं ठरलंय ना! तर म्हणाला, तुम्ही चालवा, मी लिहितो. बारा फेऱ्या झाल्यावर त्यानं वही उघडली. निम्म्या वेळा तो खोटं बोलला होता.

चालू सांगितलं आणि खरंच चालू, अशा तीन फेऱ्या: सरासरी २०.१.
चालू सांगितलं पण बंद, तीन फेऱ्या: २०.६.
बंद सांगितलं पण चालू होतं, तीन फेऱ्या: १८.४.
बंद सांगितलं आणि बंदच, तीन फेऱ्या: १९.०.

मी ती वही जेवताना तीन वेळा वाचली. चालू आहे म्हटलं की मी काय करत होतो ते आता आठवतंय. कवठे एकंदच्या अलीकडं पुढं एसटी दिसली की आधीच पाय उचलायचा, ओव्हरटेकचा नाद करायचा नाही, ४५ च्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. किटला चान्स द्यायचा म्हणून. बंद आहे म्हटलं की आज काय, हिशेबातच नाही, मग हाणायची गाडी. मला वाटत होतं मी दोन्ही दिवस सारखाच चालवतोय. देवाशपथ तसंच वाटत होतं.

फिटरदादांच्या सांगण्यावरून मधे ड्रमही बघितले होते, टेस्ट सुरू करायच्या आधी. मागचा डावा घासत होता, सैल करून घेतला.

किट काढलं. नळीचं भोक बुजवलं. नारळाची माती पोत्यात आहे.

निवृत्त_प्लेटर_सातपूर

पुतण्याला माझा नमस्कार सांगा. आमच्या क्वालिटीच्या साहेबांना तीस वर्षांत हे सुचलं नाही. चालू-बंदमध्ये अर्ध्या किलोमीटरचा फरक दिसतोय आणि तो हिशेबाशी जुळतोय, पण तीन-तीन फेऱ्यांवर त्याची शपथ मी घेणार नाही. सांगितल्यामुळं पडलेला दीडच्या वरचा फरक मात्र डोळ्यात भरतो. उरलेलं कॉस्टिक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ॲल्युमिनियमच्या डब्यात चुकूनही नको.

मिरज_डिझेल_फिटर

ड्रमचे पैसे कुणाला दिले? आमच्याकडे आला असता तर चहा मिळाला असता. कटिंग.

भंगार_ते_सोनं

दादा, प्लेटा विकणार का? ३१६ असतील तर सातीच्या साती घेतो, मला समुद्राच्या पाण्यातल्या कामाला हव्यात.

बेदाणेवाला_तासगाव

विकणारा ३१६ एल म्हणाला होता, भावही तसाच लावला. तुमचा प्रश्न वाचून आत्ता स्पीकरचं चुंबक लावून बघितलं. सातपैकी चार प्लेटांना घट्ट चिकटतंय.